'बनगरवाडी'तला मास्तर आणि मुलांचे शाळेत येणे : अध्यापन-प्रेरणेच्या अंगाने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर, अध्ययन-प्रेरणा, कुरणशाळा, ज्ञानरचनावाद, झाडीबोली.

प्रस्तावना

विद्यार्थ्याला वर्गात रमवावे कसे, हा प्रश्न शिक्षणाइतकाच जुना आहे. अलीकडच्या काळात मात्र त्याचे उत्तर जवळजवळ ठरून गेल्यासारखे दिसते. गटकार्य, कृतियुक्त अध्यापन, नाट्यीकरण, दृक्श्राव्य साधने, प्रकल्प, प्रश्नमंजूषा अशी साधनांची एक यादी असते. प्रशिक्षण वर्गातून आणि उद्बोधन वर्गातून ती शिक्षकाच्या हाती दिली जाते आणि तिचा वापर झाला की विद्यार्थ्याची प्रेरणा जागृत झाली असे समजले जाते. या साधनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती सर्व साधने एक गोष्ट गृहीत धरून चालतात. विद्यार्थी वर्गात येऊन बसलेला आहे, आता केवळ त्याचे लक्ष वेधून घ्यावयाचे आहे, ही ती गोष्ट होय. ज्या प्रदेशात मुलाचे येणेच पाऊसपाण्यावर, घरच्या कामावर आणि हंगामावर अवलंबून असते, तेथे हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ही तपासणी शिक्षणशास्त्राच्या पाठ्यग्रंथापेक्षा एका कादंबरीच्या आधारे अधिक नेमकेपणाने करता येते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही मराठी ग्रामीण साहित्यातील मान्यताप्राप्त कलाकृती होय. तिचा निवेदक हा एक प्राथमिक शिक्षक आहे आणि तिचा विषय वरवर पाहता एका वाडीतील शाळा हा आहे. त्यामुळे ही 'आदर्श शिक्षकाची कादंबरी' आहे, असा समज वर्गावर्गांतून रूढ झालेला आढळतो. हा समज कितपत टिकतो, आणि मास्तराने मुलांना शाळेकडे वळविले ते अध्यापनाच्या बळावर की अन्य कशाच्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिकामी शाळा

औंध संस्थानच्या राज्यातील माणदेशात ही वाडी आहे. वस्ती बहुतांशी धनगरांची, जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर पायी चालत तेथे नेमणुकीवर येतो. शाळा आहे, पण शाळेत मुले नाहीत. ती मेंढरांमागे गेलेली आहेत. मुले शाळेत बसली तर मेंढरे कोणी राखायची, या वाडीच्या प्रश्नाला मास्तरापाशी उत्तर नाही. गावाचा म्हातारा कारभारी मनावर घेतो, घरोघरी शब्द टाकतो आणि हळूहळू मुले येऊ लागतात.

येथे एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावयास हवी. मुलांना शाळेत आणण्याचे पहिले काम अध्यापनकौशल्याने झालेले नाही. ते कारभाऱ्याच्या वजनाने झाले आहे. मास्तराने अद्याप खडूही हाती धरलेला नसताना शाळा भरण्याचा निर्णय झालेला असतो, आणि तो निर्णय गावाचा असतो. प्रेरणेच्या शास्त्रात मुलाच्या मनाचा विचार पुष्कळ येतो. त्याच्या घरचा आणि गावाचा विचार 'पालक-संपर्क' या एका उपशीर्षकाखाली आटोपला जातो. 'बनगरवाडी'त तो उपशीर्षकाखालचा मजकूरच मुख्य आशय होऊन बसतो.

कादंबरीतील शेकू आणि त्याची बायको यांचे प्रकरण या दृष्टीने फिरून वाचण्यासारखे आहे. पेरणीची वेळ टळू नये म्हणून शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला खांदा देते. हा प्रसंग मराठी वाचकाच्या स्मरणात दारिद्र्याचे आणि स्त्रीच्या कष्टाचे चित्र म्हणून राहिला आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याला शाळेच्या अंगानेही अर्थ आहे. ज्या घरात बाईला बैलाची जागा घ्यावी लागते, त्या घरात नऊ-दहा वर्षांच्या पोराचे हात म्हणजे उत्पन्न असते. ते हात पाटीवर टेकविण्याची किंमत घराने मोजलेली असते. असे मूल वर्गात 'निरुत्साही' दिसले, तर त्याच्या निरुत्साहाचे मूळ पाठाच्या नीरसतेत शोधणे अपुरे आहे, असेच म्हणावे लागते.

मास्तर गावाचा होतो

मास्तराचे खरे यश येथून पुढे आहे. तो लोकांची पत्रे लिहितो, वाचून दाखवितो, बाहेरगावची कामे करतो, भांडणात मधे पडतो. आयबूसारखा निराधार पोरगा त्याच्या आश्रयाला येतो, आनंदा रामोशासारख्या भुरट्या चोराशीही त्याचे माणुसकीचे नाते जुळते. वाडीला तो उपयोगी पडतो आणि म्हणून हवासा वाटतो. आजच्या परिभाषेत याला 'समाजसहभाग' म्हणता येईल. पण ती परिभाषा या संबंधांपुढे फिकी आहे. माडगूळकरांनी हे नाते कोठेही गौरवाच्या सुरात रंगविलेले नाही. मास्तर चुकतो, भितो, कधी त्याचा अंदाज फसतो. कारभाऱ्याच्या मुलीची, अंजीची, चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामातून कारभाऱ्याच्या मनात किंतु उभा राहतो, आणि सगळा विश्वास किती बारीक धाग्यावर तोललेला होता हे एकाएकी उघड होते. एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर शाळेचा पट उभा असणे, ही त्या शाळेची ताकद तशीच तिची दुबळी बाजूही होती.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षकाविषयीची त्यांची अपेक्षा येथे आठवते. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरू शकेल आणि खालच्या थरांतील लोकांत मिळूनमिसळून राहील असा असावा, असा त्यांचा आग्रह होता. गावाच्या पाठ्यक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाला स्थान असावे, हेही त्यांनी सुचविले होते. 'बनगरवाडी'तला मास्तर फुल्यांच्या अपेक्षेचा अर्धा भाग पुरा करतो. लोकांत मिसळण्यात तो कमी पडत नाही. दुसरा भाग, म्हणजे लोकांचे काम पाठात आणणे, हा मात्र त्याच्या शाळेत दिसून येत नाही.

कादंबरीचे मौन

आता मूळ मुद्द्याकडे यावयाचे. एका शिक्षकाने सांगितलेल्या या कादंबरीत अध्यापनाचे प्रसंग फारच थोडे आहेत. माळ, मेंढरे, ऊन, माणसांच्या चालण्याबोलण्याच्या लकबी यांची नोंद निवेदक चित्रकाराच्या नजरेने घेतो (माडगूळकर स्वतः चित्रकारही होते). पण मेंढरांचा वास अंगावर घेऊन आलेली मुले पाटीवर काय गिरवतात, कोणते मूल कोठे अडते, अडल्यावर मास्तर काय करतो, याविषयी तो जवळजवळ गप्प राहतो. वाडीतील प्रत्येक प्रौढ माणूस चेहऱ्यामोहऱ्यासह उभा राहतो. विद्यार्थी मात्र बहुधा 'मुले' या अनेकवचनातच वावरतात.

या मौनाचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की, कादंबरीला शाळा नव्हे, वाडी सांगावयाची होती. शाळा हे वाडीत शिरण्याचे दार तेवढे. कलाकृतीकडे अध्यापनाच्या टाचणवहीची अपेक्षा करणे हा रसिकतेचाच अभाव ठरेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मान्य करावा लागेल. दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. सांगण्यासारखे काही त्या वर्गात घडतच नव्हते, म्हणून निवेदक गप्प आहे. अक्षरे, पाढे, कविता हा क्रम ठरलेला होता आणि तो वाडीबाहेरून आलेला होता. दिवसभर कळप सांभाळणारी मुले मोजदाद, लक्षण ओळखणे, वाट लक्षात ठेवणे, चाऱ्याचा अंदाज घेणे अशा अनेक गोष्टी जाणत होती. यांपैकी कोणती गोष्ट गणिताच्या किंवा भूगोलाच्या तासाला उपयोगात आली, याचा मागमूस कादंबरीत सापडत नाही. माडगूळकरांचे वास्तवाचे भान पाहता, त्यांनी तत्कालीन शाळा होती तशीच ठेवली, हा निष्कर्ष अधिक संभवनीय वाटतो.

मास्तराचा सर्वांत मोठा सार्वजनिक उपक्रम कोणता, तर तालीम. ती बांधण्याची कल्पना तो मांडतो, वाडी श्रमाने आणि वस्तूंनी हातभार लावते, खुद्द संस्थानाधिपती तेथे येतात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून सर्वश्रुत आहेत. त्या राज्यात तालमीची कल्पना फळावी हे स्वाभाविकच होते. सगळी वाडी ज्या कामात जीव ओतून उतरली असे ते काम शाळेच्या भिंतीबाहेरचे होते, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जी प्रेरणा तालमीच्या दगडमातीत दिसली, ती पाटीपुस्तकात का उतरू शकली नाही, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. तो वाचकाने विचारावयाचा आहे.

म्हणून 'आदर्श शिक्षक' हे बिरुद सौंदणीकर मास्तराला लावताना सावध राहणे योग्य. तो उत्तम गावकरी झाला. शिक्षक म्हणून तो आपल्या काळाच्या पुढे गेला, असे म्हणण्यास कादंबरीत आधार नाही.

त्याच दशकातील दुसरी शाळा

काळाच्या मर्यादेचे कारण देऊन हा प्रश्न मिटविता येत नाही, कारण त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला त्याच अडचणीवर वेगळा विचार चालला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ च्या सुमारास हे काम तत्कालीन ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये स्थिरावले. येथेही मुले येत नव्हती. कारणेही तीच, गुरे राखणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे.

या दोघींनी कारण बदलण्याऐवजी शाळा बदलली. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर शिक्षक कुरणात जाईल. यातून 'कुरणशाळा' उभी राहिली. मूल अंगण सोडीत नाही, तर बालवाडी अंगणात भरेल. यातून 'अंगणवाडी' आली, आणि १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. थोरल्या मुलीच्या कडेवर भावंड असते म्हणून ती येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असावीत. यातून 'विकासवाडी'ची कल्पना आली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले, पाने यांतून साधने तयार झाली. शिक्षणात रंजकता यावी एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. मुलाच्या हातात आधीच असलेली वस्तू ही शिकण्याची वस्तू होऊ शकते, ही त्यामागची जाण होती.

माणदेश आणि डहाणू यांची तुलना अर्थात जपून करावयास हवी. एकीकडे संस्थेचे पाठबळ असलेल्या आणि बालशिक्षणाचा अनुभव गाठीशी असलेल्या कार्यकर्त्या आहेत, दुसरीकडे एकटा, अननुभवी, तुटपुंज्या पगाराचा मास्तर आहे. कोसबाडचे यश त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही कळपामागे जाणाऱ्या मुलाला शिकवता येते, हे या राज्यात १९५० च्या दशकात करून दाखविले गेले होते, हे तथ्य शिल्लक राहतेच.

रंगविलेल्या फरशा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून, बालकेंद्री रीतीने शिकविण्याला कायद्याचे बळ दिले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी हा विचार प्रत्यक्षात आणून दाखविला, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर राज्यभरचे शिक्षक तेथे पाहणीसाठी जाऊ लागले. या चळवळीने घोकंपट्टीला दिलेला धक्का मोलाचा आहे. मात्र अनुकरण करताना जे डोळ्यांना दिसते ते लवकर उचलले जाते. फरशीवर रंगविलेले तक्ते, काड्यांचे गठ्ठे, शब्दपट्ट्या हे सारे अनेक शाळांत आले. मूळ ठिकाणी शिक्षकाने मुलाच्या अनुभवापासून आरंभ केला होता, ही गोष्ट रंगाच्या डब्याबरोबर येण्यासारखी नव्हती. ज्या शाळेत काड्या आल्या पण मोहफुलांची टोपली आली नाही, तेथे ज्ञानरचनावादाचे साहित्य पोहोचले, विचार वाटेतच राहिला.

मोहफुलांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. भंडारा जिल्ह्याच्या जंगललगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणे आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणे ही घरादाराने मिळून करावयाची कामे आहेत. लाखनी तालुक्याच्या धानपट्ट्यात तीच गोष्ट रोवणीची. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटण्यापासून बांधीत रोवण्यापर्यंतच्या कामाला हात मिळेल तितके कमीच असतात. शाळेचे हजेरीपत्रक आणि हंगाम यांची वेळापत्रके एकमेकांना ओळखत नाहीत, ही बनगरवाडीची स्थिती येथे वेगळ्या पिकाच्या रूपाने आजही हजर आहे.

बोलीचा उंबरठा

कादंबरीच्या भाषेकडे पाहिले असता आणखी एक दुवा सापडतो. निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद माणदेशी बोलीत आहेत. निवेदन ही मास्तराची, पर्यायाने शाळेची भाषा. संवाद ही वाडीची. वाचकाला या दोन भाषांची ये-जा आनंद देते. पण मुलाने बोलीतला शब्द वर्गात उच्चारला तेव्हा काय झाले, हे पुन्हा त्याच मौनाच्या पोटात राहते.

झाडीपट्टीत हा प्रश्न रोजचा आहे. येथील मूल घरी 'पानी' म्हणते, 'डोरा' म्हणते. 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' ही झाडीबोलीची नियमबद्ध वैशिष्ट्ये आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले आणि झाडीबोलीतील साहित्याची चळवळ उभी राहिली. असे असूनही वर्गात 'डोरा' ही अद्याप चूक मानली जाते, आणि ती सुधारण्याच्या पहिल्या हास्यातच मुलाचे तोंड बंद होते. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडारीत किंवा नाटकात रात्रभर उभे राहून पल्लेदार भाषणे बिनचूक म्हणणारा विद्यार्थी मराठीच्या तासाला मान खाली घालून बसलेला दिसतो, यात नवल नाही. त्याला बोलण्याची प्रेरणा नाही, असे निदान करणारा शिक्षक मंडईला गेलेला नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्राथमिक स्तरावर घरच्या भाषेला महत्त्व दिले आहे. घरची भाषा म्हणजे राजभाषा मराठी एवढाच अर्थ घेतला गेला, तर झाडीतल्या मुलाला त्याचा लाभ होणार नाही.

ओस पडलेली वाडी

कादंबरीचा शेवट सर्वपरिचित आहे. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. मुलेच नाहीत तेथे शाळा कसली? मास्तरालाही निघावे लागते. हा शेवट विलक्षण संयमाने लिहिला गेला आहे. त्याच्या करुणतेने वाचक इतका भारावतो की, एक साधा प्रश्न मागे राहतो. मुले नाहीशी झाली नव्हती. ती दुसरीकडे गेली होती. शाळा तेथे का गेली नाही?

पुढच्या काळात महाराष्ट्राने या प्रश्नाची काही उत्तरे शोधली. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी 'साखरशाळा' निघाल्या, ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी विधायक संसद या संघटनेने 'भोंगाशाळा' चालविल्या, स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. ही व्यवस्था सर्वत्र पुरेशी ठरली असे नाही, पण दिशा कुरणशाळेचीच होती. उलट दिशाही याच राज्यात दिसली. १० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत सामावून घेण्याचा निर्णय २०१७ साली जाहीर झाला, आणि २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला. मोठ्या शाळेत साधने अधिक असतात, विषयवार शिक्षक मिळतो, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच फोल नाही. परंतु दोन-तीन किलोमीटर चालून न येणाऱ्या मुलीच्या बाबतीत समूहशाळेतील उत्तम साधनांचा प्रश्नच उद्भवत नाही.

महाविद्यालयीन वर्गही याला अपवाद नाही. लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी कला शाखेच्या पहिल्या सत्राचा आरंभ आणि रोवणीचा हंगाम एकाच वेळी येतात. गावोगावहून एस.टी.ने येणाऱ्या मुलींची संख्या त्या दिवसांत रोडावते, आणि ७५ टक्के उपस्थितीचा नियम सूचनाफलकावर लागतो. 'बनगरवाडी' नेमलेली असली तर तिचे अध्यापनही बहुधा त्याच दिवसांत सुरू होते, म्हणजे शेकूच्या बायकोचे प्रकरण ज्यांना व्याख्यानाशिवाय कळले असते त्याच नेमक्या वर्गात नसतात. हे प्रकरण भाद्रपदावर ढकलण्यास कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची हरकत नसते. तोवर रोवणी आटोपलेली असते. काहींच्या पायांच्या चिखल्या अजून पुरत्या भरलेल्या नसतात. जू, शिवळ, रुमणे या शब्दांना तळटीप लागत नाही, आणि त्यांच्या शेजारी बांधी, धुरा, बोडी, पऱ्हे हे शब्द विद्यार्थिनींनी स्वतः फळ्यावर लिहावयाचे असतात.